हाताची सवय

पौषात पाण्यानं भरलेल्या वाफ्यांवर एक वास तरंगत असतो. मातीचा नव्हे, मातीच्या वासाचं कौतुक करायला पुष्कळ लोक आहेत. हा वास कांद्याच्या रोपांचा. उपटून, जुड्या बांधून, शेंडे छाटून ठेवलेली हिरवी रोपं. छाटलेल्या शेंड्यांतून एक उग्र पाणी सुटतं, ते डोळ्यांना झोंबत नाही, घशाला झोंबतं.

परवा खालच्या वावरात लावण चालू होती. मी आता वाफ्यात उतरत नाही, माझ्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. बांधावर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसते आणि लावणाऱ्या बायांना त्यांच्या चुका दाखवते. हे काम मला फार आवडतं. त्यांना अजिबात आवडत नाही. "आजी, ऊन लागंल, घरात जावा," असं त्या दर अर्ध्या तासानं सांगतात, ते माझ्या काळजीपोटी नव्हे हे कळण्याइतकी मी हुशार आहे.

टोळीत एक नवी लेकुरवाळी होती. तिनं बांधावर झोळी बांधली होती. झोळीतून नुसतं कुरकुरल्यासारखं झालं, रडणंसुद्धा नाही, तर ही बया हातातली रोपं तिथंच टाकून पळत सुटली. चिखलाचे हात परकराला पुसत पुसत. गंमत म्हणजे कुणी काही बोललं नाही. शेजारच्या दोघींनी न सांगता तिची पात आपापसात वाटून घेतली आणि पुढे सरकल्या. पात म्हणजे वाफ्यातली ज्याची त्याची लावायची ओळ.

"पोराला हाताची सवय लागंल," असं मी खुर्चीतून ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात घशाला काहीतरी झोंबलं. रोपांचा वास असेल म्हटलं, आणि गप्प बसले.

त्याच बांधावर अडतीस वर्षांपूर्वी एक बाभूळ होती. आता तिथे विजेचा खांब आहे. बाभळीला माझ्या जुन्या लुगड्याची झोळी असे आणि झोळीत माझी नंदा. पाच महिन्यांची. वाफ्यात मी. वीस वर्षांची, कमरेला पदर खोचलेली, नाक वर केलेली, जगातलं सगळं कळत असलेली. त्या बाईचा फोटो माझ्याकडे आहे. बघितला की हसू येतं. चेहरा असा की जणू जुन्नर तालुका हिच्याच नावावर केलाय.

आता नाक एवढं वर का, तर ते दोन वर्षं खाली घातलेलं होतं. माझं माहेर आणे. पठारावरचं गाव, पावसाच्या भरवशावर बाजरी, मटकी, हुलगे. सासर आळेफाट्याच्या अंगाला, विहिरीचं पाणी, कांदा. नवी सून म्हणून पहिल्या पौषात मी वाफ्यात उतरले आणि रोपं लावली ती बोटभर खोल. पडू नयेत म्हणून. मला वाटलं, झाड आहे, जितकं खोल तितकं बरं. चैत्रात कांदा निघाला तर बाकीच्यांचा गोल आणि माझ्या ओळींतला लांबुळका, गाजरासारखा. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, त्यातले पाच निवडून ओसरीवर टांगून ठेवले. आला-गेला पाव्हणा विचारायचा, हे काय? मग आत्याबाई सांगायच्या, "आमच्या सुनंनं लावल्याती. पठारावरची हाय. तिला वाटलं, खुंट रोवायचेत."

मी आतून भाकरी थापत ऐकायची. भाकऱ्या त्या दिवशी लई पातळ व्हायच्या.

दुसऱ्या पौषात मी सुधारले. तिसऱ्या पौषात पहिला नंबर काढायचा हे मी ठरवलं होतं, आणि नेमकी त्या श्रावणात नंदा जन्मली.

बाळंतपण आण्याला झालं. सव्वा महिना नंदा माझ्या अंगापासून हलली नव्हती. माझी आई दोघींना एका गोधडीत गुंडाळायची. खाटेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी, आणि आई म्हणायची, "पाळण्यात कशाला टाकतीस? अंगाला अंग लागू दे. तिला काय ठावं ती भाईर आलीया म्हणून." नंदाच्या टाळूवर तेल भरलेलं असायचं. तो तेलाचा, दुधाचा आणि आणखी कशाचा तरी वास, मी नाक खुपसून तासन्‌तास घ्यायची. तिची मूठ माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांत अडकलेली असायची. सोडवायला गेले की झोपेत ओठ काढायची. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. मूल कसं धरतात, हे मला पुरेपूर शिकवलेलं होतं. अडाणीपणानं केलं असतं तर मी स्वतःला कधीच सोडून दिलं असतं.

तर तो पौष. आमच्याकडे तेव्हा सावड असे. आज आमच्या रानात सगळ्याजणी, उद्या तुमच्या. नऊ बाया एका रांगेत वाकायच्या, प्रत्येकीची पात ठरलेली. लेकुरवाळी पाजायला उठली की शेजारणीनं तिची पात ओढायची हा रिवाज. त्यात कमीपणा काही नव्हता. पण आत्याबाईंचं तोंड! पहिल्या दिवशी मी तीनदा उठले. तिन्ही वेळा मागून आवाज, "आणेकरीण निघाली बया. धरा तिची पात. आन् बघा, तिनं लावलेली जरा वर उपसून घ्या, न्हाईतर गाजरं निघतील." सगळ्या हसायच्या. मीही हसायची. हसणं हे मी तिथंच शिकले, अजून सुटलं नाही.

संध्याकाळी चुलीपाशी आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला हाताची सवय लावून ठिवलीया तुझ्या आईनं. असं कसं चालंल? तीन दिस रडू दे. चवथ्या दिशी पोर शहाणं व्हतं. माझी पाची तशीच वाढली."

यात त्या दुष्ट होत्या असं मला म्हणायचं नाही. दुष्ट म्हणाले तर माझी सुटका होईल. त्यांनी फक्त सांगितलं. केलं मी.

सकाळी पाजून झोळीत ठेवायची, मग दुपारच्या भाकरीपर्यंत जायचं नाही, असा माझा नेम ठरला. पहिल्या दिवशी ती रडली. बाभूळ पंचवीस पावलांवर होती. तान्ह्याचं रडणं आधी हाक असतं, मग राग येतो, मग एक वेळ अशी येते की त्याला स्वतःचीच भीती वाटायला लागते आणि आवाज फाटतो. हे सगळं मला वाफ्यात वाकून ऐकू आलं. पाणी इतकं गार की बोटं कुणाची आहेत ते कळत नव्हतं. पण छातीला सगळं कळत होतं. रडणं वाढलं की माझी चोळी भिजायची. आपोआप. मी पदर ओढून घ्यायची आणि आणखी जोरात लावायची. रोप, अंगठा, चिखल. रोप, अंगठा, चिखल. काय वेग होता, सांगते! माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी कौतुक केलं असतं.

माझ्या शेजारच्या पातीवर हौसाबाई असायच्या. पलीकडच्या वाडीतल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांच्या घरची मेंढरं तेव्हा निम्मी राहिली होती, म्हणून त्या कांद्याला यायच्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, चोळी भिजलीया."

"वाफ्याचं पाणी उडालं, हौसाआक्का."

"वाफ्याचं पाणी पांढरं कवापासनं व्हाया लागलं?"

मी पुढचं रोप उचललं. थोड्या वेळानं त्या पाठ सरळ करून उभ्या राहिल्या. "मी उचलती. माझी पात झालीया. नुसतं खांद्याव घेती, गप व्हईल."

"नगं," मी म्हणाले. "सवय लागंल."

"अगं, कोकराची आई चुकली तर आमी त्येला घोंगडीत घिऊन निजतो. जनावराचं पोर त्ये. ही तर..."

"नगं म्हणलं ना!" मी इतक्या जोरात ओरडले की रांगेतल्या सगळ्या थांबल्या. हौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग खाली वाकल्या. त्यानंतर पूर्ण पौष त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, जळतात. माझा वेग बघून जळतात. वीस वर्षांची बाई काय काय समजू शकते, बघा.

दुसऱ्या दिवशी ती रडली. तिसऱ्या दिवशी कमी रडली. चौथ्या दिवशी नाही.

दुपारी मी झोळीपाशी गेले. वाटलं, झोपली असेल. तर डोळे टक्क उघडे. बाभळीच्या पानांतून ऊन हलत होतं, ते बघत होती. मी वाकले. तिनं माझ्याकडे पाहिलं. हात उचलले नाहीत, पाय झाडले नाहीत. पाहिलं, आणि परत पानांकडे बघायला लागली.

"शहाणी झाली गं माझी बाय!" असं मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

लावण संपली त्या दिवशी आत्याबाई नऊ बायांच्या देखत म्हणाल्या, "पठारावरची हाय, पर सून असावी तर अशी. आन् पोर बघा, हाय का न्हाई कळत बी न्हाई." मी मान खाली घातली, लाजल्यासारखी. आतून हत्तीवर बसले होते. त्या एका वाक्यासाठी मी अडीच वर्षं झुरले होते, आणि मिळालं तेव्हा ते मला स्वस्तात पडलंय असं वाटलं.

मग मी त्याची गोष्ट केली. माझा तो स्वभावच. हळदीकुंकू असो, कुणाचं बारसं असो, तान्हं रडायला लागलं की मी सुरू. "आमची नंदा म्हणजे काय! झोळीत टाकली की दिवसभर हूं नाही की चूं नाही. बाभळीची पानं मोजत बसायची." आत्याबाईंचा आवाज काढायची, वाफ्यातलं वाकणं करून दाखवायची. बाया पोट धरून हसायच्या. नंदाही तिथेच कुठेतरी असायची. आधी फ्रॉकमध्ये, मग परकरात, मग पंजाबी ड्रेसमध्ये. ऐकत असायची. हसायची पण, बेतानं.

आणि ती खरोखरच शहाणी निघाली हो. दुसरीत असताना शाळेत झोपाळ्यावरून पडली. मनगट मोडलं. घरी चालत आली, दप्तर खुंटीला लावलं आणि अभ्यासाला बसली. संध्याकाळी ताटावर डाव्या हातानं जेवायला लागली म्हणून मी तिला खवळले, तेव्हा कळलं. "सांगितलं का नाहीस?" म्हटलं तर म्हणाली, "तू कामात होतीस." मी तेही लोकांना कौतुकानं सांगितलं. पुण्याला वसतिगृहावर होती तेव्हा चार ओळींची पत्रं यायची, त्यातली एक ओळ नेहमी 'मी बरी आहे, काळजी करू नये' ही. लग्न झालं, मंचरला संसार मांडला. मूल होईना. वर्षं गेली. मी विचारलं की, "बघू आई." मग एका लग्नात तिच्या नणंदेनं मला बाजूला घेऊन हळहळ केली, "दोनदा राहिलं आणि गेलं हो बिचारीचं. तुम्हाला किती त्रास झाला असेल." मी मान हलवली. हो म्हणाले, खूप त्रास झाला. माझ्या लेकीची दोन मुलं पोटातच गेली, ती दोनदा दवाखान्यात पडून आली, आणि मला ते लग्नाच्या मांडवात जिलबी खाताना कळलं. जिलबी टाकून कशी द्यायची, म्हणून संपवली.

घरी येऊन फोन केला. "मला का नाही बोलावलंस?" नंदा म्हणाली, "सुचलं नाही गं." खोटं नव्हतं ते. तिला खरंच सुचलं नसणार. दुखलं की आईला हाक मारायची, ही गोष्ट तिच्यात होती आणि मी ती काढून घेतली होती. चार दिवसांत. कांदा लावता लावता.

यंदा अडतिसाव्या वर्षी तिला दिवस टिकले. मी आण्याच्या माझ्या आईसारखी तयारी केली. खोली सारवली नाही, आता फरशी आहे, पण पुसून घेतली. शेगडी काढली, ओवा निवडला, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली. पहिलं बाळंतपण माहेरचं, यात विचारायचं काय? तरी विचारलं. तर म्हणाली, "नको आई, उगाच तुला त्रास. मी करीन सगळं." आवाजात राग नाही, रुसवा नाही. राग असता तर मी काढला असता. माझ्याकडे रागाला औषध आहे. या शहाणपणाला नाही.

मुलगी झाली, आधीच झाली. दीड महिना आधी. मी न बोलावता एसटीनं मंचरला गेले. जाताना फोन केला, तर, "ये वाटलं तर." त्या 'वाटलं तर'कडे बघत मी फाट्यापासून मंचरपर्यंतचा रस्ता काढला.

बाळ घरी आलेलं होतं. एवढंसं, सोललेल्या हुरड्यासारखं. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलं होतं, बाळाला आईच्या उघड्या छातीवर धरायचं, वरून मऊ कापड गुंडाळायचं, तासन्‌तास. याला कांगारू म्हणतात म्हणे. मला मोठं हसू आलं. आण्याच्या खाटेवर एका गोधडीत माझी आई जे करत होती ते परदेशातून एका जनावराचं नाव लावून परत आलं होतं. पण नंदाला बघितलं आणि हसू गेलं. गाऊनच्या आत बाळ, बाळाची टाळू तिच्या हनुवटीखाली, आणि ती टाळूत नाक खुपसून बसलेली. डोळे मिटून. तिला हे कुणी शिकवलं? मी तर सव्वा महिनाच... की तो सव्वा महिना तिच्यात कुठेतरी राहिला असेल? असं मनात आलं आणि मी लगेच ते झटकलं. स्वतःला इतक्या सहज बक्षीस द्यायचं नाही, एवढं वय झाल्यावर तरी.

पहिल्याच दिवशी माझ्या जिभेनं घात केला. बाळाचा ओठ नुसता वाकडा झाला, आवाजही फुटला नव्हता, तर नंदानं उचललंसुद्धा. "अगं, किती घेतेस! हाताची सवय लागेल तिला."

नंदानं माझ्याकडे पाहिलं. "लागू दे," म्हणाली.

एवढंच. मग आठ दिवस मी त्या घरात शहाण्यासारखी राहिले. शेपूची भाजी, डिंकाचे लाडू, बाळाचे लंगोट. बाळाला मांडीवर मिळायचं ते नंदा आंघोळीला गेली की, किंवा जेवायला बसली की. मी घ्यायची. इतकं हलकं मूल, आणि मी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. बाळ माझ्याकडे टक लावून बघायचं. लहान मुलांनी असं बघितलं की मला उगाचच कशाची तरी चौकशी चालू आहे असं वाटतं.

नवव्या दिवशी शेजारच्या काकू बाळाला बघायला आल्या. टोपडं दिलं, दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली आणि मला म्हणाल्या, "तुमची नंदा लहानपणी रडकी होती का हो, आजी?"

गोष्ट ओठांवर आली. बाभूळ, झोळी, आत्याबाईंचा आवाज, सगळं तयार. नंदा कपाटापाशी दुपट्यांच्या घड्या घालत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. ती पाठ जरा ताठ झाली. मोठा आवाज होणार हे कळल्यावर होते तशी. मी म्हणाले, "चहा घेता ना, काकू?"

काकू गेल्या. दुपार होती, गॅलरीतलं ऊन आत आलं होतं. बाळ माझ्या मांडीवर होतं, दूध पिऊन जागं, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून.

"आज सांगितली नाहीस," नंदा म्हणाली.

"काय?"

"माझी गोष्ट. शहाणी होते ती."

चेष्टा करून वेळ मारून नेता आली असती. माझ्याकडे प्रत्येक वेळेसाठी एक चेष्टा असते. पण तिनं मागे वळून पाहिलं, आणि मला त्यातली एकही सापडेना.

"तू रडायचीस," मी म्हणाले. "लई रडायचीस. तीन दिवस, सकाळपासून भाकरीच्या वेळेपर्यंत. मी पंचवीस पावलांवर होते. ऐकू येत होतं."

तिच्या हातातलं दुपटं अर्ध्या घडीवर थांबलं. "मग?"

"मग काही नाही. मी आले नाही. हौसाआक्का घेत होत्या, त्यांनाही घेऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी तू थांबलीस."

"का पण?"

"आत्याबाईंनी चार बायांत बरं म्हणावं म्हणून."

मला वाटलं, आता ती ओरडेल. किती वाट बघितली मी त्या ओरडण्याची! दुपटं फेकावं, मला चार शब्द सुनवावेत, आणि मग रडावं, मोठ्यानं, शेजारच्या काकू परत येतील इतक्या मोठ्यानं. मी उठून गेले असते. गुडघे असोत नसोत, पळत गेले असते.

तिनं घडी पुरी केली. काठाला काठ लावून. ती थप्पीवर ठेवली, वरून हात फिरवला. मग आली, माझ्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि बाळाच्या मुठीतून माझा पदर सोडवायला लागली. एकेक बोट उघडून, हलक्या हातानं, बाळाला कळू नये असं. पदर सुटला. एक हात मानेखाली, एक हात पाठीखाली घालून तिनं बाळ माझ्या मांडीवरून उचललं, छातीशी धरलं आणि आत घेऊन गेली.

बाळ रडत नव्हतं.